प्रकरण मिटल्यानंतर

जोडीदाराचं बाहेर कुणाशी तरी असल्याचं कळलं, की आपल्याकडे बहुतेक घरांत पहिल्या आठवड्यातच एक बैठक होते. दोन्हीकडचे आईवडील येतात. एखादे मामा किंवा थोरले दीर मध्यस्थ म्हणून बसतात, मुलांना शेजारी पाठवलेलं असतं. ज्याच्याकडून घडलं तो मान खाली घालून ‘चुकलं माझं’ म्हणतो. त्याला मुलांची शपथ घ्यायला लावतात. मग सगळे तिच्याकडे वळतात. ‘तो एवढं म्हणतोय ना, आता तूही ताणू नकोस.’ ‘मुलांकडे बघ.’ ‘झालं गेलं गंगेला मिळालं.’ चहा होतो आणि प्रकरण मिटलं असं ठरवून पाहुणे संध्याकाळच्या गाडीनं परततात.

हे पुस्तक त्या संध्याकाळनंतरच्या काळाबद्दल आहे.

विवाह समुपदेशक म्हणून मी ज्या जोडप्यांबरोबर काम करते, त्यातली कितीतरी अशा बैठकीनंतर सहा महिन्यांनी, वर्षानं येतात. येताना सांगायची तक्रार वेगळीच असते. हिची चिडचिड फार वाढली आहे, याचं घरात लक्ष नसतं, मुलगा शाळेत गप्प गप्प असतो. तासाभरानं खरा विषय निघतो. तिनं सगळ्यांसमोर ‘ठीक आहे’ म्हटलेलं असतं आणि त्या रात्रीपासून तिला धड झोप नसते. त्याला मनापासून वाटत असतं की माफी मिळाली, विषय संपला, आता ही उगाच उकरून काढते. दोघंही खरंच बोलत असतात. मला या पुस्तकात मुख्यतः इतकंच सांगायचं आहे: प्रकरण मिटवणं आणि विश्वास पुन्हा उभा करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं नातेवाईक एका दुपारी उरकू शकतात. दुसरं त्या दोघांनाच करावं लागतं, त्याला वर्ष-दोन वर्षं सहज लागतात, आणि पहिलं घाईनं उरकलं की दुसरं बहुधा सुरूच होत नाही.

कायद्यानं या गोष्टीचा विचार आपल्या मध्यस्थांपेक्षा जास्त बारकाईनं केला आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या तेविसाव्या कलमाप्रमाणे, ज्या व्यभिचाराला किंवा क्रूरतेला तुम्ही आधीच क्षमा केली आहे, त्याच कारणावरून नंतर घटस्फोट मागता येत नाही. ही क्षमा म्हणजे नेमकं काय, याची चर्चा पुण्याच्या न्यायालयात सुरू झालेल्या एका दाम्पत्याच्या खटल्यात १९७५ साली सर्वोच्च न्यायालयानं केली. खटला क्रूरतेचा होता, पण तत्त्व दोन्हींना लागू आहे. न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालानुसार अशा क्षमेला दोन अंगं असतात: एक माफ करणं, आणि दुसरं, त्या माणसाला पूर्वीच्या जागी पुन्हा बसवणं. शिवाय ही क्षमा सशर्त असते. पुन्हा अपराध घडला, तर जुना अपराधही जागा होतो. बैठकीतले वडीलधारे ‘आता मागचं कधी काढायचं नाही’ असं बजावतात, तेव्हा ते कायदाही मागत नाही एवढी मोठी गोष्ट त्या बाईकडे मागत असतात.

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर एक गैरसमज दूर करते, कारण तो माझ्यासमोर वारंवार येतो. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं भारतीय दंड संहितेचं ४९७ वं कलम एकमतानं रद्द केलं, तेव्हापासून ‘आता कायद्यानंच मोकळीक दिली आहे’ असं सर्रास म्हटलं जातं. ते कलम काय होतं ते आधी पाहावं. दुसऱ्याच्या बायकोशी, त्या नवऱ्याच्या संमतीशिवाय, संबंध ठेवणारा पुरुष त्यात गुन्हेगार ठरत असे, आणि दाद मागण्याचा अधिकार त्या नवऱ्याचा. जिच्या नवऱ्यानं बाहेर संबंध ठेवले त्या बायकोला हे कलम काहीच देत नव्हतं. कुणाच्या तरी मालकीची बाई दुसऱ्यानं वापरली, अशी त्यामागची कल्पना होती. १९८५ साली याच चंद्रचूडांनी सरन्यायाधीश म्हणून ते वैध ठरवलं होतं. २०१८ च्या पीठावर त्यांचे चिरंजीव न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते, आणि त्यांनी ते घटनाबाह्य ठरवणारं स्वतंत्र निकालपत्र लिहिलं. यानंतर व्यभिचार हा तुरुंगात धाडण्याजोगा गुन्हा राहिला नाही. घटस्फोटाचं कारण म्हणून मात्र तो आजही तसाच आहे, आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी एक प्रसंगही पुरतो. एखाद्याला पोलीस धरत नाहीत म्हणून घरातली जबाबदारी कमी होते, असं मला कधी वाटलं नाही.

आता घराकडे येते. या पुस्तकातल्या सगळ्या हकिगती अनेक घरांतून घेऊन एकत्र केल्या आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यातली एक इथे थोडक्यात सांगते, कारण विश्वास तुटतो म्हणजे शरीरात काय होतं ते तिच्यातून दिसतं. गाडी बायकोच्या मोबाईल नंबरवर नोंदलेली. नवरा चाकणला कारखान्यात ऑडिट आहे म्हणून सकाळी गेलेला. दुपारी ती मेथी निवडत बसली होती आणि मोबाईलवर फास्टॅगचा मेसेज आला: खालापूर टोलनाक्यावर पैसे कापले गेले. पुण्याहून चाकणला जायला मुंबईचा द्रुतगती मार्ग लागत नाही. तिनं तो मेसेज तीनदा वाचला, मोबाईल उपडा ठेवला आणि उरलेली मेथी निवडून पूर्ण केली. पुढचं सगळं उघड होत गेलं ते त्या एका मेसेजपासून. पण मला सांगायचं आहे ते नंतरचं. नवऱ्यानं ते संबंध खरोखर संपवले, नोकरी बदलली. तरी टोलचा मेसेज आला की तिचे हात गार पडायचे. स्वतः गाडी चालवत माहेरी जात असली तरीसुद्धा. ‘मला माहितीय पैसे माझेच कापलेत, पण पोटात गोळा येतोच,’ असं ती म्हणायची. घरचे म्हणायचे, ही संशयी झाली आहे.

तो संशयी स्वभाव नव्हता. ज्या माणसाच्या भरवशावर आपण झोपी जातो त्यानंच फसवलं, तर होणारा आघात वेगळ्या जातीचा असतो, असं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्रेड यांनी १९९० च्या दशकात मांडलं. डग्लस स्नायडर, डोनाल्ड बॉकम आणि क्रिस्टिना गॉर्डन हे संशोधक अशा जोडप्यांवर दीर्घकाळ काम करत आहेत. त्यांनीही या अवस्थेची तुलना मोठ्या आघातानंतरच्या अवस्थेशी केली आहे. झोप उडणं, नको ती चित्रं डोळ्यांसमोर येणं, एखाद्या साध्या आवाजानं दचकणं, मध्येच सगळं बधिर होणं. त्यात आणखी एक गोष्ट असते आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. भूतकाळही हातातून जातो. महाबळेश्वरच्या सहलीचे फोटो काढून ती तारखा जुळवत बसते: तेव्हा सुरू होतं का? माझ्या बाबांच्या आजारपणात हा रात्र रात्र दवाखान्यात थांबला, ते खरं होतं का? वर्तमानातला माणूस संशयास्पद झाला तर त्यावर नजर ठेवता येते. गेलेली बारा वर्षं संशयास्पद झाली तर माणूस कशाला धरून उभा राहणार?

म्हणून खरं सांगणं हा या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग आहे. मी पाहिलेल्या संसारांचं सर्वाधिक नुकसान मूळ संबंधांपेक्षा नंतरच्या थोड्या थोड्या कबुलीनं झालं आहे. आधी ‘फक्त मेसेज होते’. महिन्यानं ‘एकदाच भेटलो’. दिवाळीत एक जुनं हॉटेलचं बिल सापडतं आणि ‘एकदाच’चे सहा महिने होतात. प्रत्येक वेळी सांगणाऱ्याला वाटतं, तिला अजून दुखवू नये म्हणून मी झाकलं. ऐकणाऱ्याला कळतं ते इतकंच की मागच्या वेळीही हा माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोलला होता. दर नव्या कबुलीनं पहिला दिवस पुन्हा उगवतो. त्यापेक्षा मी असं सुचवते की तिनं आपले प्रश्न वहीत लिहावेत, चार दिवस वही मिटून ठेवावी, मग पुन्हा वाचून जे खरंच विचारायचे आहेत ते ठेवावेत. कधी सुरू झालं, किती दिवस चाललं, अजून आहे का, कुणाकुणाला माहीत होतं, आपल्या घरी आणलं होतं का, पैसा किती गेला आणि कुठून गेला: यांची उत्तरं तिला मिळायलाच हवीत. अंथरुणातल्या तपशिलांचे प्रश्न मात्र मी शक्यतो मागे ठेवायला सांगते. ती उत्तरं ज्ञान म्हणून राहत नाहीत, चित्र म्हणून राहतात, आणि वर्षानुवर्षं पुसली जात नाहीत. तरी निर्णय तिचा. तिनं विचारलं आणि त्यानं ‘तुला झेपणार नाही’ म्हणून टाळलं, तर तेही पुन्हा तिच्या वतीनं ठरवणंच झालं.

एक प्रश्न आपल्याकडे लाजेपोटी राहूनच जातो: तपासणीचा. एचआयव्ही, कावीळ ब, सिफिलिस यांच्या चाचण्या दोघांनीही करून घ्याव्यात, आणि संपर्क अलीकडचा असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं तीन महिन्यांनी पुन्हा. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि गोपनीय राहते. ही गोष्ट नवऱ्यानं स्वतःहून काढली, स्वतः रांगेत उभा राहिला, तर दहा वेळा मागितलेल्या माफीपेक्षा तिचं मोल जास्त असतं, असा माझा अनुभव आहे.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ शर्ली ग्लास यांनी २००३ च्या आपल्या पुस्तकात भिंत आणि खिडकीची प्रतिमा वापरली होती. धड चाललेल्या संसारात नवराबायकोमध्ये खिडकी असते आणि बाहेरच्या जगाशी भिंत. संबंध बाहेर जुळत जातात तसं हे उलटतं: सहकाऱ्याशी खिडकी उघडते, घरच्या माणसापुढे भिंत उभी राहते. ग्लास यांचं निरीक्षण होतं की अशी कितीतरी नाती कामाच्या ठिकाणच्या साध्या मैत्रीतून, कुणी काही ठरवलेलं नसताना सुरू होतात. हे मला आपल्याकडेही पटतं. घरी सासूच्या औषधांपासून शाळेच्या फीपर्यंत सगळ्या कामांच्याच गप्पा, आणि मनातलं बोलणं ऑफिसच्या चहावर. उपायही त्यातूनच निघतो. भिंती पुन्हा मूळ जागी आणायच्या. तिसऱ्या व्यक्तीशी संपर्क संपला आहे हे जोडीदाराला दिसेल अशा रीतीनं संपवायचा, नोकरी एकाच ठिकाणी असेल तर बदली मागायची, आणि पुन्हा कधी समोरून मेसेज आला तर त्याच दिवशी घरी सांगायचं. हे शेवटचं सगळ्यांत अवघड जातं, कारण न सांगता गप्प बसलं तर घरात शांतता राहील असं वाटतं. ती शांतता किती महागात पडते ते पुढच्या प्रकरणांत आहे.

मोबाईलच्या पासवर्डावरून माझ्यासमोर जितकी भांडणं झाली, तितकी दुसऱ्या कशावरूनही झाली नसतील. माझं मत स्पष्ट आहे. सुरुवातीच्या काळात, ज्यानं विश्वास मोडला त्यानं मोबाईल, बँकेचं खातं, येण्याजाण्याच्या वेळा स्वतःहून उघड्या ठेवाव्यात. मागितल्यावर, आदळआपट करून दिलेल्या मोबाईलचा उपयोग नाही. पण जिची फसवणूक झाली तिनंही हे ओळखावं की तपासण्यानं मिळणारा दिलासा अर्धा तास टिकतो आणि मग पुन्हा तपासावंसं वाटतं. पहारा देण्यात बायकोपण संपून जातं. विश्वास परतायला लागल्याची खूण मला वेगळीच दिसत आली आहे. उशीर होणार असेल तर त्याचा फोन आधी येतो, रोज येतो, वैतागून न जाता येतो. आणि एक दिवस तिच्या लक्षात येतं की गेल्या रविवारी तो बाहेर गेला होता आणि आपण घड्याळ बघितलं नव्हतं.

‘असं का झालं’ हा प्रश्न मी मुद्दाम उशिरा घेते. बॉकम, स्नायडर आणि गॉर्डन यांच्या पद्धतीतही क्रम तोच आहे: आधी धक्का सावरायचा, मग अर्थ शोधायचा, मग पुढे काय ते ठरवायचं. आपल्याकडे हा क्रम उलटा होतो. पहिल्याच बैठकीत बाईला विचारतात, ‘तू त्याच्याकडे लक्ष देत नव्हतीस का?’ बाळंतपणानंतर वजन वाढलं, नोकरीमुळे वेळ नाही, माहेरी फार जातेस. अजून रक्त वाहतंय तोवर कारणं काढली की ती सबब बनतात. सावकाश, दोघं थोडी स्थिर झाल्यावर तीच चर्चा उपयोगी पडते. संसार कोमेजण्यात दोघांचा वाटा असू शकतो. त्यावर खोटं बोलून बाहेर जाण्याचा मार्ग निवडला तो एकानं. या दोन वाक्यांमधलं अंतर ज्या पुरुषाला मान्य होतं, त्याच्याशी पुढचं काम करता येतं.

पुरुषाला, असं मी लिहिते आहे, कारण माझ्यासमोर बहुतेकदा तेच चित्र येतं. पण बायकोकडून फसवणूक झालेले नवरे येतात, आणि त्यांची कोंडी वेगळी असते. त्यांच्यासाठी बैठक भरत नाही. मित्रांना सांगितलं तर हसतील, भावाला सांगितलं तर तो ‘हाकलून दे’ म्हणेल. घर सोडायचं नाही, मुलं सोडायची नाहीत आणि बायकोवर अजून प्रेम आहे, हे म्हणण्याची जागाच आपण पुरुषाला ठेवलेली नाही. त्यामुळे काही जण वर्षानुवर्षं गप्प राहतात, आणि काहींचं दुःख हात उचलण्यापर्यंत जातं. इथे मला अजिबात संदिग्ध राहायचं नाही. जिथे मारहाण आहे, धमकी आहे, तिथे विश्वास परत उभा करण्याची भाषा करू नये. आधी सुरक्षितता. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क देतो, घर कुणाच्याही नावावर असलं तरी. हे माहीत नसल्यामुळे किती जणी निमूट परतल्या असतील!

कारण राहायचं की नाही हे मोकळेपणानं ठरवता येत नसेल, तर राहण्याला विश्वास म्हणता येत नाही. स्वतःची कमाई नाही, माहेरी भाऊ-भावजय ‘इथे नको’ म्हणतात, मुलं लहान आहेत. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात एच-फोर व्हिसावर गेलेल्या मराठी मुलींची अवस्था तर आणखी कठीण. तिथे राहण्याचा कायदेशीर आधारच नवऱ्याची नोकरी. अनेकींना काम करण्याची परवानगी नसते, आणि पुण्याला आईला फोन करायचा तर वेळ जुळत नाही. अशा बाईनं ‘मी माफ केलं’ म्हटलं तर तिला ते तसं म्हणणं भाग होतं, एवढंच कळतं. म्हणून मी जोडप्यांना एकत्र बसवण्याआधी तिला एकटीला विचारते: उद्या तुझ्या नावावर घर आणि पगार असता, तर काय केलं असतंस? उत्तर ‘निघून गेले असते’ असेल, तर आमचं काम तिथून सुरू होतं. १९८२ साली आलेल्या जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’ चित्रपटात घरी परतलेल्या सुलभाला नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आल्याचं कळतं आणि ती पुन्हा घराबाहेर पडते. त्या काळात कित्येकांना ते टोकाचं वाटलं असेल. मला वाटतं, विश्वासावरच्या कुठल्याही पुस्तकात तो दरवाजा उघडा असलाच पाहिजे. जाणं शक्य असतानाही जी थांबते, तिच्या थांबण्यावरच काही बांधता येतं.

बोलायला जागा लागते, हीही साधी गोष्ट आपण विसरतो. मुंबईत एका खोलीत चौघं झोपतात, स्वयंपाकघरात सासूबाई. मी अशा जोडप्यांना सांगते, सोसायटीत उभ्या केलेल्या गाडीत जाऊन बसा, गाडी नसेल तर दादरच्या चौपाटीवर जा, गच्चीची किल्ली मागून घ्या. आठवड्यातून दोन ठरलेले वार, ठरलेला पाऊण तास. त्या वेळेत तिनं काहीही विचारावं आणि त्यानं उठून जाऊ नये. बाकीच्या वेळात दोघांनी विषय शक्यतो काढू नये, निदान मुलांचा डबा भरताना तरी. ‘अजून किती दिवस?’ हे वाक्य त्यानं या पाऊण तासात म्हणायचं नाही, एवढा एकच नियम मी कडक ठेवते.

पुस्तक कसं वाचावं, तेही सांगते. नातेवाइकांनी हे फसवणूक झालेल्या व्यक्तीच्या हातात ठेवू नये. तिला ते पुन्हा एकदा ‘मिटव’ म्हटल्यासारखं वाटेल. ज्याच्याकडून घडलं त्यानं पहिली चार प्रकरणं एकट्यानं, आधी वाचावीत, आणि ती वाचून पूर्ण सत्य सांगण्याची तयारी होत नसेल तर तिथेच थांबून समुपदेशकाकडे जावं. तिनं पाचव्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. तपासणी, पैसा आणि कायदा यांची माहिती सातव्या प्रकरणात एकत्र दिली आहे. निर्णय काहीही असो, ती दोघांनाही लागेल. नवव्या प्रकरणाच्या शेवटी वहीसाठी कोरी पानं सोडली आहेत. त्यांवर लिहायचं ते पेन्सिलीनं लिहा, कारण चार दिवसांनी बरेच प्रश्न बदलतात.